मास्तरांची मांडी

मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. उरलेल्या अर्ध्या गावाला ज्यांनी शिकवली, त्यांना मास्तरांनी शिकवलं होतं. रस्त्यात कुठे टायर किंचाळला की लोक न बघताच म्हणत, "हा काही मास्तरांचा नव्हे."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा, गाडी जागच्या जागी उभी. मास्तरांचा उजवा पाय उभा जन्म त्या ब्रेकवर गेला. मात्र शिकवणी संपत आली की एखाद्या दिवशी ते काही न बोलता चपला काढत, दोन्ही पाय वर घेत आणि सीटवर चक्क मांडी घालून बसत. पट्टा लावलेलाच असे, नियमाला ते पक्के. "आता माझा पाय वर आहे," ते म्हणत. "आता तुम्ही आणि रस्ता." ज्याच्या शेजारी मास्तरांनी मांडी घातली, तो पास. नंतरची सरकारी परीक्षा म्हणजे नुसता उपचार. गावात शिकणाऱ्याला कुणी "लायसन्स मिळालं का?" असं विचारतच नसे. "मास्तरांनी मांडी घातली का?" एवढंच.

आता गंमत बघा. त्यांच्या बायकोला सगळं गाव मास्तरीणबाई म्हणे, आणि तिनं आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. "बायकोला शिकवायचं नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं पथ्य," मास्तर सांगत. "घरात शांतता हवी की नको?" तिलाही गरज वाटली नव्हती. ती एका लाँड्रीत रफूचं काम करायची. कोटाला पडलेलं भोक, शालीला लागलेली कसर असं काही आलं, की ते तिच्या टेबलावर. लाँड्री दीड किलोमीटरवर, गावाच्या उताराच्या टोकाला. सकाळी पहिल्या शिकाऊ गिऱ्हाइकाच्या आधी मास्तर तिला सोडत आणि दुपारी घेऊन येत. पाव आणायला गाडी, औषध आणायला गाडी, पलीकडच्या गल्लीत कुणाला बघायला जायचं तरी गाडी. तिच्या चपला वर्षानुवर्षं झिजत नसत.

मास्तरांचं एकच वेड होतं. दुसरा कुणी चालवत असलेल्या गाडीत त्यांना बसवत नसे. पायाशी ब्रेक नाही म्हटल्यावर त्यांचा जीव कासावीस व्हायचा. एकदा जावयाच्या गाडीत बसले, तर घरी पोहोचेपर्यंत पायाखालची चटई दाबून दाबून तिची गुंडाळी करून टाकली होती. जावई बिचारा महिनाभर स्वतःलाच विचारत राहिला, की आपण इतकं वाईट चालवतो का.

मग डोळे गेले. तसे पूर्ण नाही. पडद्याचा मधलाच भाग खराब झाला होता. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसल्यासारखं व्हायचं. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्याकडेच गाडी शिकलेल्या. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, "मास्तर, आजपासून गाडी बंद." मास्तर म्हणाले, "बरं." गाडी आणि ड्रायव्हिंग स्कूल दोन्ही त्यांनी हाताखालच्या मदतनिसाच्या हवाली केलं. अंगणात फरशीवर तेलाचे डाग तेवढे उरले.

त्यानंतर मास्तर फाटकाबाहेर पडले नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे. जुने विद्यार्थी येत, "चला मास्तर, चक्कर मारून आणतो," म्हणत. "दुसऱ्याच्या गाडीत मी बसत नाही, तुला ठाऊक आहे," मास्तर म्हणत आणि विषय संपवत. बायको म्हणायची, "अहो, मग चालत जाऊ कोपऱ्यापर्यंत." तर म्हणत, "मी? पायी?" सुरुवातीला ती चिडली. या माणसाचा नाक वर करायचा स्वभाव काही जात नाही, असं तिला वाटलं. पण हळूहळू त्यांचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं, आणि एक दिवस आमटीत मीठ नाही यावरूनसुद्धा ते भांडले नाहीत. तेव्हा मात्र ती घाबरली.

लेक दुसऱ्या शहरात होती. ती फोनवर म्हणायची, "दोघं इकडेच या ना आता. आठवा मजला आहे, लिफ्ट आहे, सगळं घरपोच येतं. खाली उतरायची गरजच नाही." मास्तरीणबाईंना नेमकी त्याचीच धास्ती होती. तिथं गेला तर हा माणूस पुन्हा कधी खाली उतरायचा नाही. आणि पूर्वी ज्या मास्तरांनी "छट्" म्हणून फोन ठेवला असता, ते आता म्हणत, "बघू." तिला दुसरं काही नको होतं. तिला आपला नवरा फाटकाबाहेर हवा होता.

लाँड्रीत ती चालत जाऊ लागली होती. चारच दिवसांत गुडघ्यांनी बंड पुकारलं. गुडघ्यांचे डॉक्टर म्हणाले, "चालण्यापेक्षा सायकल चालवा, गुडघ्यांवर भार येत नाही." ती हसत घरी आली, काय बाई बोलतात हे डॉक्टर लोक! पण हसता हसता तिला घरामागच्या पत्र्याच्या खोलीत पडलेली लेकीची सायकल आठवली, आणि मागोमाग दुसरंही काहीतरी सुचलं. शिकवणाऱ्या माणसाला रस्त्यावर यावंच लागतं.

"अहो, मला सायकल शिकवा," ती म्हणाली.

मास्तर खिडकीकडेच बघत होते. "या वयात? हाडं मोजून ठेवली आहेस का?"

"मोजली आहेत. सगळी आहेत. बायकोला गाडी शिकवायची नाही हे तुमचं पथ्य. सायकलचं काही त्यात नाही."

 ती स्वयंपाकघराकडे वळली, तेव्हा मागून आवाज आला, "ब्रेक कसे आहेत तिचे?"

कित्येक दिवसांत त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता. तिनं ओट्याला टेकून दोन मिनिटं डोळे पुसले आणि मग चहा टाकला.

सायकल बाहेर निघाली. मास्तरांनी ती नुसत्या बोटांनी चाचपून खोलली, पुसली, चेनला तेल दिलं, टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर मदतनिसाकडून मागवून बदलले. पण शिकवणार कसे? जसं जन्मभर शिकवलं तसंच. पहिले काही दिवस सायकल अंगणात स्टँडवर. मास्तरीणबाई तिच्यावर बसलेल्या आणि मास्तर शेजारी खुर्ची टाकून. "मागे बघ. हात दाखव. पुन्हा मागे बघ. आता वळ."

"अहो, उभ्या सायकलवर कुठं वळू?"

"मनात वळ. ज्याला मनात वळता येत नाही, त्याला रस्त्यात येत नाही."

सायकलच्या मागे त्यांनी शिकाऊ गाडीची लाल अक्षराची पाटी बांधली. आणि एक गोष्ट केली, जी जगाच्या पाठीवर दुसऱ्या कुणी केली नसती. मागच्या ब्रेकच्या तारेला लांब सुतळी बांधून तिचं टोक स्वतःच्या मुठीत ठेवलं. "शिकवणाऱ्याकडे ब्रेक हवाच," ते म्हणाले.

मग गल्लीतले धडे सुरू झाले. भर दुपारी, रस्ता ओस असताना. टोपी भुवयांपर्यंत ओढून मास्तर फाटकाबाहेर आले, आणि तिला वाटलं, जिंकलं. पण ते दारासमोरच्या तुकड्याच्या पुढे जायला तयार नसत. कुणाची चाहूल लागली की लगेच, "पुरे आज." तेवढ्या वेळात ती सीटवर चढे, मास्तर एका हातानं सीट धरून मागे पळत, ती तीन-चार पायडल मारे, सायकल जरा सुरळीत होतेय असं वाटे, आणि धप्प. कोपर खरचटलं, पोटरीवर चेनचं काळं ठसलं. समोरच्या घरातली बँकवाली गॅलरीतून पाहत असायची. पहिल्या दिवशी ती तोंडावर पदर धरून हसली. चौथ्या दिवशी तिनं वरूनच मलमाची ट्यूब टाकली.

"तोल जातोय तुझा," मास्तर म्हणत. मास्तरीणबाईंना ते खरं वाटे. ज्यानं अख्खं गाव शिकवलं, तो चुकेल कसा?

पण एक दिवस पडता पडता तिच्या लक्षात आलं. तोल जाण्याच्या आधी मागचं चाक आपोआप आवळलं गेलं होतं. ती रस्त्यावर बसल्या बसल्याच वळली. सुतळी ताठ ओढलेली होती.

"अहो, तुम्ही ब्रेक दाबता!"

"मी? मी कशाला दाबू?"

"मूठ उघडा बरं."

मास्तरांनी मूठ उघडली. सुतळीचा लाल वळ तळहातावर आडवा उमटला होता. तो त्यांना दिसला नसेल, पण दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यांनी तो चाचपला.

"समोरचं मला दिसत नाही गं," ते म्हणाले. "तू कशावर जाऊन आदळशील ते कळत नाही. मग हात आपला आपण ओढला जातो."

ती उठली, साडी झटकली, कमरेच्या पिशवीतून रफूची छोटी कात्री काढली. "रफू करताना धागा ताणून धरला ना, की कापड गोळा होतं. भोक बुजतं, पण कपडा वाया जातो. जरा सैल सोडावाच लागतो." आणि तिनं कचकन सुतळी कापली.

"अगं, पण..."

"समोरचं मला दिसतंय. तुम्ही फक्त धक्का द्या."

मास्तरांनी धक्का दिला. सायकल डगमगली, डावीकडे गेली, उजवीकडे गेली आणि मग सरळ निघाली. मागून धापा टाकत येणारी पावलं कधी थांबली, ते तिला कळलंसुद्धा नाही. गल्लीचं टोक आलं. वळवून परत फिरायचं, तर गल्ली अरुंद आणि तिला तेवढं वळणं कुठं येत होतं? मनातल्या वळण्याला इतकी जागा लागली नव्हती. म्हणून ती तशीच पुढे गेली आणि अख्ख्या चौकोनाला वळसा घालायला निघाली. पाववाल्याच्या दुकानावरून गेली, औषधांच्या दुकानावरून गेली. या रस्त्यानं ती हजारदा गेली असेल, पण पाववाल्याच्या माडीवर कबुतरांची खोकी आहेत हे तिला त्या दिवशी कळलं. वारा कानाशी लागत होता. आपण पडत नाही आहोत, या एकाच गोष्टीचं तिला इतकं हसू येत होतं की ते आवरेना.

वळसा पुरा करून ती गल्लीच्या दुसऱ्या टोकानं आत शिरली. मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे होते. हातात सुतळीचा तुकडा, तोंड तिकडे, जिकडून ती गेली होती. हाक मारावी तर दम नव्हता, म्हणून तिनं घंटी वाजवली.

मास्तर वळले. पटकन बाजूला झाले, टोपी जराशी मागे सरकवली आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीनं म्हणाले, "सावकाश, सावकाश. छान चालवताय. हँडल एवढं घट्ट धरू नका. कुणाकडे शिकताय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्यानं तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. ती पाय टेकून उभी राहिली. त्यांच्यात दोन हातांचं अंतर होतं. ते थेट तिच्या तोंडाकडे बघत होते, ओळख नसलेलं, सभ्य हसत होते.

"तुमच्याकडेच," ती म्हणाली.

आवाज ऐकला आणि मास्तरांचं हसू जागच्या जागी मावळलं. ते चाचपडत फाटकाच्या पायरीवर बसले. तिनं सायकल कशीतरी भिंतीला टेकवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.

"चेहरेच दिसत नाहीत," ते म्हणाले. "आवाज आला की कळतं. पण रस्त्यात कुणी आवाज करतं का? लोक हसतात, मान हलवतात, हात करतात. ज्यांना मी शिकवलं, त्यांच्यासमोरून मी ठोंब्यासारखा निघून जायचं? म्हणतील, मास्तरांना मस्ती चढली. नाहीतर खरं कळेल आणि चुकचुकतील. ते तर त्याहून नको."

"आणि मी समजत होते गाडीसाठी रुसलात." तिला राग आला होता, आणि रागाहून जास्त भरून आलं होतं. "मला सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू?" मास्तर म्हणाले. "तुझाही दिसत नाही, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू?"

 तिनं त्यांचा तो सुतळीचा वळ उठलेला हात उचलला आणि आपल्या गालावर ठेवला. गाल घामानं चिंब होता, त्यात डोळ्यांचंही पाणी मिसळलं. मास्तरांची बोटं हळूहळू कपाळापर्यंत गेली, भुवईवरून फिरली, नाकावर आली.

"चष्मा लावला नाहीस सायकलवर?" ते म्हणाले.

"घामानं घसरतो."

"मागून दोरी बांध त्याला. नियम म्हणजे नियम."

गॅलरीतली बँकवाली पहिल्यांदाच आत निघून गेली.

त्यानंतर मास्तरीणबाई सायकलवरून लाँड्रीत जाऊ लागल्या. लाल पाटीसकट. लोक आधी हसले, मग वाट देऊ लागले. दुसरीकडे तिनं सायकलवाल्याकडून मागे भक्कम कॅरिअर बसवून घेतलं, पाय ठेवायला दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या लावल्या आणि जुन्या कोटाच्या कापडाची गादी शिवून वर बांधली. कुणी विचारलं तर म्हणायची, "कपड्यांचे गठ्ठे आणायला." गठ्ठ्यांना गादी कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही.

मग एका सकाळी तिनं सायकल फाटकाशी आणली. "अहो, बसा."

"कुठं?"

"मागे. मी चालवताना कुठं चुकते की काय, ते बघायला लाँड्रीपर्यंत चला."

"मी? डबलसीट? बायकोच्या मागे? लोक हसतील गं."

"हसू देत. कोण हसतंय ते मी आधी सांगेन, मग तुम्हीही हसा."

मास्तर फाटकाची कडी धरून उभे राहिले. त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. "मला ब्रेक नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. दुसरं काय सांगणार? खोटं बोलून तिला त्यांना न्यायचं नव्हतं. "तुम्ही नाही बसलात, तरी मी रागावणार नाही."

फाटकाच्या कडीवरून बोटं एकेक करून सुटली. मास्तर टांग टाकून बसले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवले. अंगानं पहिल्यापासून काटकुळेच, आणि आता तर निम्मेच उरले होते. तिला ते ओझं जाणवलं ते याच कारणानं, की ते इतकं कमी होतं. सायकल निघाली. निघाल्या निघाल्या मागून एक गचका बसला.

"पाय!" ती ओरडली.

"सवय आहे गं, सवय."

गल्ली संपली तसा तिनं मान न वळवता आवाज खाली आणला. "उजवीकडे पाववाला. दुकानाबाहेर आलाय, हात वर केलाय."

मास्तरांनी उजवीकडे तोंड करून हात उंचावला. "काय रे, क्लचवरचा पाय काढलास का, की अजून तिथंच आहे?"

पाववाला हातातला पाव विसरून रस्त्यात आला. "मास्तर! अहो, मास्तर! काढला, काढला!"

"डावीकडे औषधवाली, दार उघडतेय."

"बाई, वळताना मागचा आरसा बघता ना? तुम्ही आमच्या वेळी नुसता केस नीट करायला बघायचात!"

"बघते हो मास्तर!" आतून हसू फुटलं. चेहरे कसलेही असोत, कुणाची कोणती खोड होती, ते मास्तरांना सगळं तोंडपाठ होतं. ती नाव घ्यायची, ते खोड सांगायचे आणि रस्ता हसायचा. खांद्यावरची त्यांची पकड जरा सैल झाली होती. गाडीतून कधी असं बोलता आलं असतं? काच वर, वेग जास्त, माणूस दिसेपर्यंत मागे गेलेला.

चौकात समोरची बँकवाली आपल्या गाडीत बसून जागा शोधत होती. तिनं काच खाली केली. "मास्तर, मलाही सायकल शिकवा हो! घरापासून बँक हाकेच्या अंतरावर, आणि गाडी लावायलाच माझा जीव जातो रोज."

"मलम स्वतःचं आणा," मास्तर म्हणाले. "सुतळी बांधणार नाही, आधीच सांगतो!" आणि मग पुढे वाकून बायकोच्या कानाशी, "संध्याकाळी लेकीला फोन कर. म्हणावं, आठव्या मजल्यावर सायकल चढत नाही."

 तिला हँडल सरळ धरायचं होतं आणि डोळे भरून चालणार नव्हते, कारण आता उतार लागला होता. थेट लाँड्रीच्या दारापर्यंत जाणारा तो लांब उतार. एकटी असताना ती इथं उतरून चालत जायची. आज उतरली नाही. सायकल वेग घेऊ लागली. इथं गाडीतूनसुद्धा मास्तरांचा पाय हमखास खाली जायचा, तिनं हे वर्षानुवर्षं पाहिलं होतं. तो गचका येईल म्हणून तिनं पाठ ताठ केली, दात आवळले. बोटं ब्रेकवर ठेवली, पण दाबली नाहीत.

गचका आला नाही. वारा आला, मागून मास्तरांचा श्वास आला, शांत आणि सावकाश.

"अहो," तिनं वाऱ्यावर ओरडून विचारलं, "पाय कुठं आहेत तुमचे?"

"लोंबतायत," मास्तर म्हणाले. "इथं जागाच नाही गं, नाहीतर कधीच मांडी घातली असती."